फोन मागायचा कसा, परत द्यायचा कसा

पत्र: आमचा मुलगा सीनिअर केजीत आहे, नुकतीच पाच पूर्ण झाली. आम्ही दोघं नोकरी करतो, कोथरूडला सासू-सासऱ्यांसोबत राहतो. शाळेतून आल्यावर तो आजी-आजोबांकडे असतो. गेल्या महिन्यात घरातल्याच एका सहस्रचंद्रदर्शनाच्या कार्यक्रमात तो ऐन पूजेच्या वेळी मोठ्या आवाजात कार्टून बघत बसला. मी फोन काढून घेतला तर त्याने लोळण घेतली. एक नातेवाईक सगळ्यांदेखत म्हणाल्या, ‘काय वळण लावलंय!’ पाहुणे आले की हा त्यांचाच फोन मागतो, कधी न विचारता उचलतो. फोनशिवाय घास गिळत नाही. अमेरिकेतल्या काकाचा व्हिडिओ कॉल आला की मध्येच लाल बटण दाबतो. मी ऑफिसच्या फोनवर असले की ओढाओढ करतो. सासऱ्यांशी बोलायला गेलं तर ‘लहान आहे, कळेल पुढे’ म्हणतात. पुढच्या महिन्यात भाच्याची मुंज आहे, आणि मला आत्तापासूनच धास्ती वाटते आहे. — एक आई, कोथरूड

उत्तर:

ताई,

नातेवाईकांचं ते वाक्य तुम्हाला फार लागलेलं दिसतं. ते मनातून काढून टाका, कारण ते खरं नाही. तुमचा मुलगा दारात चपला काढत असेल, मोठ्यांच्या पाया पडत असेल, प्रसाद उजव्या हातात घेत असेल. यातलं काहीही त्याला कुणी समजावून सांगितलेलं नाही. तुम्ही त्याच्यासोबत वाकलात, त्याचा डावा हात मागे घेऊन उजवा पुढे केलात, आणि हे पन्नास वेळा केलंत. फोनच्या बाबतीत ते पन्नास वेळा करणं राहून गेलं, एवढंच. वस्तू हातात दिली गेली, तिच्यासोबतची रीत द्यायची राहिली.

पत्रात तक्रारी बऱ्याच आहेत, पण बहुतेकींच्या मुळाशी दोनच गोष्टी आहेत: फोन मागायचा कसा आणि परत द्यायचा कसा. आधी परत देण्याचं हातात घ्या.

हे शिकवायचं ते कार्टून चालू असताना नव्हे. कार्टूनच्या ऐन रंगात फोन परत मागणं ही या धड्याची शेवटची परीक्षा आहे. आपण पहिल्याच दिवशी ती घेतो आणि मूल नापास झालं म्हणून रागावतो. पहिले तीन दिवस फोनवर काहीच लावू नका. सोसायटीच्या बागेत जा, कॅमेरा उघडून फोन त्याच्या हातात द्या आणि सांगा, “तीन फुलांचे तीन फोटो काढ आणि फोन मला परत दे.” परत देण्याची कृती अगदी ठरलेली हवी: बाजूचं बटण एकदा दाबून पडदा बंद करायचा, फोन दोन्ही हातांनी धरायचा, तुमच्याकडे बघायचं आणि म्हणायचं, “आई, घे.” तुम्ही तो घ्या, “शाब्बास” म्हणा आणि लगेच ते तीन फोटो दोघं मिळून बघा. हे बघणं टाळू नका. फोन परत दिल्यावर काहीतरी हिरावलं जातं, असा त्याचा आजवरचा अनुभव आहे. परत दिल्यावर काहीतरी मिळतं, हा नवा अनुभव त्याला पुन्हा पुन्हा यायला हवा. दिवसातून पाच-सहा वेळा पुरे. चौथ्या दिवसापासून दोन-तीन मिनिटांचं एक गाणं, आणि आठवड्यानंतर कार्टूनचा एक भाग.

बटण त्यानेच दाबायचं, तुम्ही नाही. चालू पडदा हातातून सोडणं या वयात फार अवघड असतं. चित्र हलत असतं, डोळे तिथेच असतात आणि बोटं सुटत नाहीत. पडदा काळा झाला की पकड आपोआप सैल होते. मात्र बटण एकदाच दाबायचं हे नीट दाखवा. बऱ्याच फोनमध्ये ते भराभर तीन किंवा पाच वेळा दाबलं की आपत्कालीन कॉल सुरू होतो आणि थेट ११२ ला लागू शकतो.

‘पाच मिनिटं झाली की दे’ हे वाक्य सोडून द्या. पाच वर्षांच्या मुलाला मिनिटं कळत नाहीत. त्याला गाणं संपलं, भाग संपला, पान उलटलं हे कळतं. २०१६ साली अमेरिकेतल्या वॉशिंग्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी पाच वर्षांपर्यंतच्या मुलांच्या घरांचा अभ्यास केला. त्यात ‘दोन मिनिटं राहिली हं’ अशी आगाऊ सूचना दिली की मुलं शांतपणे उठण्याऐवजी जास्त चिडताना दिसली. भाग स्वतःहून संपला किंवा रोजच्या क्रमात ती वेळ उठायचीच असली, तर कुरकुर कमी होती. आपल्या घरोघरी ही सूचना दिवसातून दहा वेळा दिली जाते, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

तेव्हा शेवट असलेल्याच गोष्टी लावा. सात-आठ मिनिटांचे दोन भाग तुम्ही निवडायचे, आणि लावण्याआधी बोटं मोजून सांगायचं: “एक आणि दोन. दोन झाले की बटण.” यूट्यूबवर व्हिडिओ चालू असताना वरच्या बाजूला ‘ऑटोप्ले’ची छोटी कळ असते, ती बंद करा, नाहीतर दुसरा भाग संपायच्या आत तिसरा सुरू होतो आणि ठरलेला शब्द यंत्रच मोडून टाकतं. मुलांसाठीच्या ‘यूट्यूब किड्स’मध्ये टायमरही लावता येतो, वेळ संपली की ॲप स्वतःच कुलूपबंद होतं. रील्स आणि शॉर्ट्स मात्र या वयात अजिबात नकोत. त्यांना शेवटच नसतो, मग परत कधी द्यायचं हे मुलाला कळणार कुठून?

तो एका ॲपमधून दुसऱ्यात भटकत असेल तर फोनलाच कुंपण घालता येतं. अँड्रॉइड फोनच्या सेटिंग्जमध्ये शोधायच्या चौकटीत ‘पिन’ एवढं लिहिलं की ‘ॲप पिनिंग’ किंवा ‘स्क्रीन पिनिंग’ सापडतं. ते चालू करा आणि बाहेर पडताना पासवर्ड विचारण्याचा पर्यायही चालू करा. मग हवं ते ॲप उघडायचं, अलीकडच्या ॲप्सच्या यादीत जायचं, त्या ॲपच्या चिन्हावर बोट ठेवून ‘पिन’ निवडायचं. आयफोनमध्ये हेच काम ‘ॲक्सेसिबिलिटी’मधलं ‘गायडेड ॲक्सेस’ करतं. ते सुरू करायला बाजूचं बटण तीनदा दाबावं लागतं, जुन्या फोनमध्ये होमचं. त्यात वेळेची मर्यादाही घालता येते. आणि तुमच्या यूपीआयचा पिन त्याच्यासमोर टाकू नका. मुलं आकड्यांपेक्षा बोटांची वाट लक्षात ठेवतात.

एकूण वेळेबद्दल थोडक्यात. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने, म्हणजे इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सने, दोन ते पाच वर्षांसाठी दिवसाला जास्तीत जास्त एक तास आणि पाच ते दहा वर्षांसाठी दोन तासांपेक्षा कमी अशी मर्यादा सांगितली आहे, तीही मोठ्या माणसाच्या नजरेखाली. टीव्ही यातच मोजायचा. तुमचा मुलगा नुकताच पाच ओलांडतो आहे, तर आणखी वर्षभर तासाचीच मर्यादा धरा आणि तो तास दोन तुकड्यांत द्या. झोपेच्या आधीचा एक तास पूर्ण मोकळा ठेवा.

आता रडण्याबद्दल, कारण सगळी गाडी तिथेच अडते. नियम सुरू केल्यावर पहिल्या आठवड्यात रडणं कमी होत नाही, वाढतं. आजवर रडून फोन मिळालेला असतो, मग तेच हत्यार तो आणखी जोराने वापरून बघतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी घरातल्या कुणाचा तरी धीर सुटतो, ‘दे बाई एकदाचा’ म्हणून फोन दिला जातो, आणि मूल एकच गोष्ट शिकतं: कालच्यापेक्षा जास्त वेळ रडायचं. दहापैकी एकदा जरी रडून फोन मिळाला तर उरलेल्या नऊ वेळा तो त्या एका वेळेच्या आशेवर रडतो. अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाच्या २०२२ च्या एका अभ्यासात दिसलं, की चिडलेल्या तीन ते पाच वर्षांच्या मुलांना शांत करायला वारंवार मोबाइल दिला जातो तिथे पुढे भावनांचा उद्रेक जास्त आढळतो. हे मुलग्यांमध्ये अधिक ठळक होतं. चिडलेल्या मुलाला फोन न देता काय करायचं? जवळ बसायचं, कमी बोलायचं. “तुला अजून बघायचं होतं, म्हणून राग आला. रडून झालं की आपण खाली जाऊ.” एवढं एकदा म्हणून गप्प राहायचं. समजावण्याची प्रत्येक नवी ओळ त्याच्या रडण्याला इंधन पुरवते. तुम्ही त्या दिवशी केलंत तसं हातातून हिसकावू मात्र नका. मग दुसऱ्याच्या हातातली वस्तू ओढून घेता येते, हे त्याने तुमच्याकडूनच पाहिलेलं असतं.

फोन ठेवायला घरात एक जागा ठरवा. बाहेरून आलं की चपला जशा रॅकमध्ये जातात तसे सगळ्यांचे फोन तिथे. दाराजवळच्या कपाटावर वेताची परडी ठेवली की पुरे. स्टीलचा डबा नको. त्यात फोन थरथरला की भांडं पडल्यासारखा आवाज होतो आणि सगळ्यांच्या माना वळतात. परडीजवळ चार्जर ठेवू नका, नाहीतर ‘चार्जिंगला लावतो’ म्हणून जो तो तिथेच उभा राहून फोन बघतो. सगळ्यांच्या रिंगचा आवाज चालू ठेवा, म्हणजे महत्त्वाचा फोन चुकेल ही भीती राहत नाही. वेळ एकच धरा, संध्याकाळी साडेसात ते नऊ. सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव नावाचं गाव आहे. तिथे १५ ऑगस्ट २०२२ पासून संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजला की दीड तास गावातले टीव्ही आणि मोबाइल बंद ठेवायची पद्धत सुरू झाली. भोंगा लहानथोर सगळ्यांसाठी वाजतो, हे त्यातलं मर्म आहे. एकट्या मुलासाठी वाजवला असता तर चार दिवसही चालला नसता. तुमच्या घरातही परडीत पहिला फोन त्याच्या बाबांचा पडू दे, आणि तो त्याच्या डोळ्यांसमोर पडू दे.

आता मागण्याची रीत. आपल्या बोलण्यात ‘कृपया’ फारसं येत नाही, आपला नम्रपणा क्रियापदात असतो. ‘फोन दे’ आणि ‘फोन देशील का?’ यात जो फरक आहे तोच शिकवायचा. मोठ्यांशी ‘आजोबा, फोन देता का?’ तो ‘दे!’ म्हणून ओरडला तर रागावू नका, फक्त नीट वाक्य स्वतः म्हणा आणि थांबा. त्याने ते पुन्हा म्हटलं की मगच पुढचं. घरात आवाजावर चालणारा स्पीकर असेल तर त्याच्याशी बोलतानाचा तुमचा सूरही सांभाळा. ‘ए, बंद कर’ हे मूल यंत्राकडून उचलत नाही, तुमच्याकडून उचलतं.

पाहुण्यांचा फोन हा वेगळा विषय आहे, तिथे नीट मागणंही नको. दुसऱ्याची पर्स आपण उघडत नाही, दुसऱ्याच्या घरचा फ्रीज उघडत नाही, तसाच दुसऱ्याचा फोन. त्यात त्यांचे बँकेचे निरोप असतात, ऑफिसचं काम असतं, घरातले फोटो असतात. मुलाला एवढंच सांगा: “पाहुण्यांचा फोन पाहुण्यांचा. आपण मागत नाही.” हे पाहुणे यायच्या दहा मिनिटं आधी सांगायचं, आल्यावर नाही. अडचण पाहुण्यांकडूनच येते, कारण ते संकोचाने किंवा प्रेमाने स्वतःच ‘घे रे बाळा’ म्हणतात. तेव्हा उत्तर तुम्ही द्यायचं: “मामा, राहू दे. आमच्याकडे असं ठरलंय. त्याला तुम्हाला त्याचं चित्र दाखवायचंय.” मग खरोखरच चित्राची वही पुढे करायची. वही नसेल तर तुमचं वाक्य हवेत राहतं आणि मुलाचे हात रिकामे.

फोटोचंही तसंच. “तुमचा फोटो काढू का?” असं विचारून काढायचा. त्याचा अंघोळीचा किंवा रडतानाचा फोटो सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकण्याआधी तुम्हीही त्याला विचारा. तो ‘नको’ म्हणाला तर टाकू नका.

बाहेरच्या आवाजाबद्दल. बस, मेट्रो, दवाखाना, देऊळ, हॉटेल: इथे मुलाच्या हातात चालू व्हिडिओ नको, एवढा सरळ नियम सगळ्यात सोपा पडतो. ‘हळू आवाजात’ हा नियम टिकत नाही, कारण बसच्या इंजिनाच्या आवाजात हळू आवाज ऐकूच येत नाही, मग तो एक-एक पायरी वर चढत जातो. हेडफोन हा त्यावरचा उपाय वाटतो, पण ते लावलेल्या मुलाला हाक ऐकू जात नाही. शिवाय लहान कानांसाठी जागतिक आरोग्य संघटनेच्या मानकात मर्यादा मोठ्यांपेक्षा कमी, आठवड्याला ४० तास ७५ डेसिबल, धरलेली आहे. गोंगाटात ती सहज ओलांडली जाते. लांबच्या प्रवासात लावावेच लागले तर आवाज मर्यादित असणारे, कानावर बसणारे घ्या, आणि हातभर अंतरावरून साध्या आवाजात नावाने हाक मारून बघा. त्याने वळून बघितलं तर आवाज ठीक.

त्याऐवजी डोळ्यांना काम द्या. वनाजहून मेट्रोत बसलात तर आनंदनगर, आयडियल कॉलनी, नळ स्टॉप, गरवारे कॉलेज ही नावं त्याने फलकावर ओळखायची. पुढे डेक्कन जिमखाना आणि छत्रपती संभाजी उद्यान या स्थानकांची छपरं मावळ्यांच्या पगडीच्या घाटाची आहेत, ती शोधायची, आणि मुठा नदीत पाणी किती आहे ते बघायचं. सीनिअर केजीतल्या मुलाला अक्षरं नुकतीच लागलेली असतात, स्थानकांची नावं वाचणं त्याला कार्टूनइतकंच प्रिय होऊ शकतं. पर्समध्ये कायम एक छोटी कापडी पिशवी ठेवा: कोरी वही, चार रंगखडू, दोऱ्याचं एक रीळ, मूठभर चिंचोके. सोबत तीन वर्षांच्या आतलं भावंड असेल तर चिंचोके वगळा, घशात अडकतात. ही पिशवी फक्त बाहेरच उघडायची. घरात रोज दिसली तर आठवड्यात तिची किंमत जाते.

बालगंधर्वला किंवा भरत नाट्यला बालनाट्याला नेलंत तर फोन आत जाण्याआधी बंद करा, आणि तो त्याच्याच हाताने बंद करवून घ्या. अंधारात पेटलेला एक पडदा मागच्या चार रांगांचं लक्ष मोडतो. आपल्या मुलाचं नाच-गाणं चित्रित करायला उठलेले पालकच इथे सगळ्यात जास्त चुकतात. फोन वाजल्यामुळे मराठी नटांनी चालू प्रयोग थांबवल्याचे प्रसंग घडलेले आहेत.

जेवणाचं एकदम सगळं बदलायला जाऊ नका. एकच जेवण निवडा, रात्रीचं, कारण तेव्हा सगळे घरी असता. फोनकडे बघत जेवणाऱ्या मुलाला पोट भरलं आहे की नाही हे कळत नाही, आणि चावण्याचंही भान राहत नाही. ताटात थोडंच वाढा: अर्धी पोळी, दोन चमचे भाजी, थोडा वरणभात. वीस-पंचवीस मिनिटं सगळे सोबत बसा, त्याच्या खाण्यावर एक शब्दही बोलू नका. तेवढ्यात जेवला तर जेवला, नाहीतर ताट शांतपणे उचला. मग मध्ये बिस्किट-दूध नाही, थेट सकाळचा नाश्ता. पहिले तीन-चार दिवस तो कमी खाईल, आणि तुमच्या सासूबाईंचा जीव तुटेल, हे त्यांना आधीच सांगून ठेवा. निरोगी मूल एका जेवणाने खंगत नाही. वजन मुळातच कमी असेल तर मात्र हे बालरोगतज्ज्ञांना विचारून करा.

काकाच्या कॉलवर तो लाल बटण का दाबतो? कंटाळा आल्यावर सुटायचं कसं, हे त्याला कुणी दाखवलेलं नाही, आणि बटण समोरच असतं. रविवारी सकाळी नऊला फोन ठरवा, अमेरिकेत तेव्हा शनिवारची रात्र असते. फोन त्याच्या हातात देऊ नका, पुस्तकांच्या चळतीला टेकवून डोळ्यांच्या उंचीवर ठेवा. हातात असला की काकाला पंखाच दिसत राहतो. आधीच एक वस्तू दाखवायला आणि एक प्रश्न विचारायला तयार ठेवा: “काका, तुमच्याकडे पाऊस आहे का?” पाच मिनिटं झाली की त्याने म्हणायचं, “काका, मी खेळायला जातो, आता आईशी बोला,” आणि उठायचं. उठण्याची परवानगी आहे हे कळलं की बटणाची गरज उरत नाही.

तुमच्या ऑफिसच्या कॉलसाठी एक खूण ठरवा. त्याने येऊन तुमच्या मनगटावर हात ठेवायचा, तुम्ही त्यावर तुमचा हात ठेवायचा. याचा अर्थ: तू आलास हे मला कळलंय, थांब. सुरुवातीला दहा सेकंदांत त्याच्याकडे वळा, मग तीस, मग मिनिट-दोन मिनिटं. पहिल्याच दिवशी वीस मिनिटं थांबवलंत तर खूण त्याच दिवशी मरते. पडला, लागलं, कुणी दारात आलं, तर न थांबता बोलायचं, हेही सांगा. आणि फोन हातात घेताना कारण मोठ्याने म्हणा: “मी वीजबिल भरते आहे, दोन मिनिटं.” नाहीतर आई त्या चौकोनात नेमकं काय करते हे त्याला कळायला मार्ग नसतो, त्याच्या दृष्टीने तुम्हीही कार्टूनच बघत असता.

सासऱ्यांचा प्रश्न नाजूक आहे, पण तो हट्टाचा नाही, थकव्याचा असावा. त्या वयात पाच वर्षांच्या मुलामागे सगळी दुपार काढणं सोपं नाही, फोन ही त्यांची विश्रांती आहे. ती विश्रांती काढून घेऊ नका, तिला वेळ द्या: चार ते साडेचार, टीव्हीवर, तुम्ही निवडून ठेवलेले भाग. टीव्ही हातात धरता येत नाही, म्हणून तो परत घेण्याचा झगडाही नसतो. आणि बोलायचं ते मुलासमोर नाही, जेवणं झाल्यावर, शक्यतो नवऱ्याला सोबत घेऊन: “बाबा, आमच्यापेक्षा तो तुमचं ऐकतो. परडीचं तुम्ही बघाल का? साडेसातला सगळ्यांचे फोन तुम्हीच गोळा करा.” ज्यांच्या हाती जबाबदारी दिली ते नियम मोडायला सहसा पहिले पुढे होत नाहीत. त्यांचे सकाळचे मोठ्या आवाजातले व्हिडिओ असतील तर त्याबद्दल आत्ताच बोलू नका. महिन्याभराने परडीचे मुख्य तेच झाले की हळूच विषय काढा.

हे सगळं नीट करूनही दीड-दोन महिन्यांत काहीच फरक पडला नाही, झोप बिघडलेलीच राहिली, फोन नसतानाही तो इतर मुलांत मिसळत नसेल किंवा हाकेला ओ देत नसेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. तेव्हा प्रश्न शिस्तीचा नसतो.

राहिली मुंज. हातात महिना आहे, तो पुरेसा आहे. परत देण्याचा सराव आजपासून सुरू करा. जायच्या आदल्या दिवशी घरीच पाच मिनिटांची मुंज खेळा: तो बटू, तुम्ही भटजी, आजी मंगलाष्टकं म्हणतील, सगळ्यांनी गप्प बसायचं. कार्यालयात पोचल्यावर आधी त्याला फिरवून आणा, पाणी कुठे, बाथरूम कुठे, चपला कुठे. पुढच्या रांगेत बसू नका, कडेच्या खुर्चीवर बसा, म्हणजे उठून बाहेर नेणं सोपं. तासाभराने कुरकुर होणारच, पाच वर्षांच्या कुठल्याही मुलाची होईल. तेव्हा त्याला बाहेर कोण नेणार हे नवऱ्याशी आधी ठरवून ठेवा. बाहेर म्हणजे अंगणात, कापडी पिशवी घेऊन, फोन घेऊन नव्हे. तुमचे दोघांचे फोन आवाज बंद करून नवऱ्याच्या खिशात राहू द्या, फोटो काढायला फोटोग्राफर असतोच. आणि मुलाला एक काम द्या. अक्षता वाटायला मुलांना फार आवडतं. वाटी मात्र अर्धीच भरा, नाहीतर पहिल्या ‘सावधान’लाच रिकामी होईल.